रूळ ओळीत आणणारी माणसं

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगायला बसलं की १६ एप्रिल १८५३ ही तारीख आधी येते. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि वर एकवीस तोफांची सलामी. शाळेच्या पुस्तकात इतकं असतंच. मला मात्र नेहमी दुसऱ्या दिवशीची, म्हणजे १७ एप्रिलची सकाळ डोळ्यांसमोर आणावीशी वाटते. पाहुणे घरी गेले, तोफा थंड झाल्या. आणि कुणीतरी माणूस त्या नव्या रुळांवरून चालत निघाला असणार. काल एवढं वजन यावरून गेलं, तेव्हा कुठं रूळ सरकला का, कुठं खडी दबली का, हे बघायला. त्या माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पण गेली पावणेदोनशे वर्षं तो रोज चालतोच आहे.

रेल्वेच्या भाषेत रूळ, त्याखालची आडवी स्लीपरं आणि खडी या सगळ्याला मिळून एक नाव आहे : ‘पर्मनंट वे’. कायमचा रस्ता. या नावाची गंमत अशी की मार्ग बांधताना माती-दगड वाहण्यासाठी आधी कच्चे, तात्पुरते रूळ टाकत. काम झालं की ते उचलून पक्के रूळ बसवत. तात्पुरता नव्हे म्हणून हा कायमचा. त्यावर देखरेख करणारा तो पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे पीडब्ल्यूआय. हे पद आता वेगळ्या नावानं ओळखलं जातं, पण जुनी माणसं अजून ‘पीडब्ल्यूआय साहेब’च म्हणतात. आणि हा कायमचा रस्ता असा आहे की तो एक दिवससुद्धा होता तसा राहत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दाराशी आहे, बोरघाट. मी कवितेचा माणूस, बी.ए.ला वाङ्मय घेतलेला; अभियांत्रिकीशी माझं काही नातं नाही. पण लहानपण कर्जतला गेलं. घाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलणारी इंजिनं जिथं जोडतात, त्या गावात वाढलेल्या मुलाला रेल्वे वेगळी शिकावी लागत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं १८५६ साली हा घाट फोडायला घेतला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट चढायचं होतं. २५ बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पहिल्या कंत्राटदाराच्या वेळी, १८५९च्या सुरुवातीला, मजुरीच्या पैशांवरून मजुरांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षी कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर काही दिवसांतच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुढं नेलं. १८६१ साली घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. पटकी, ताप, सुरुंग, कडे यांत किती मेली त्याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही; आकडे हजारांत सांगितले जातात. १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला.

इतिहासाची पुस्तकं इथं थांबतात. खरं म्हणजे काम इथं सुरू झालं. चारच वर्षांनी, १८६७च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करण्यासाठी एक स्थानक होतं. डोंगराच्या नाकाडावर गाडी थांबे, इंजिन पुढचं मागं होई आणि गाडी उलट दिशेनं चढू लागे. ही कसरत १९२९पर्यंत चालली, मग नवे बोगदे काढून तो मार्गच बदलला. म्हणजे डोंगर फोडून झाल्यावरही सहासष्ट वर्षं माणसं त्याच्याशी घासाघीस करत होती. आजही करतात.

रूळ बिघडतो म्हणजे काय होतं? तो तुटतो, असं आपल्याला वाटतं. क्वचित तुटतोही. पण रोजचं दुखणं वेगळं असतं. गाडीचं प्रत्येक चाक रुळाला खाली दाबतं आणि थोडं बाजूला ढकलतं. वळणावर बाहेरच्या अंगाला जास्त. त्या धक्क्यानं स्लीपरखालची खडी दबते, झिजते, तिच्यात चिखल शिरतो. दोन्ही रूळ सारखे दबले तर फार बिघडत नाही. पण एक दबला, दुसरा राहिला, की डबा डुलायला लागतो; तो डुलला की आणखी जोरानं आपटतो आणि तिथंच आणखी खड्डा करतो. सरळ रेषेत असलेला रूळ दोनचार मिलिमीटरांनी वाकडा होतो. डब्यात बसलेल्या आपल्याला फक्त चहा सांडल्यावर कळतं.

हे निस्तरण्यासाठी इंग्रजांच्या काळापासून गँगची पद्धत आली. पाचसहा किलोमीटरांच्या तुकड्याला एक गँग. तिचा एक मुकादम, एक कीमन आणि दहाबारा गँगमन. साहेब बहुधा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन, आणि पहार हातात धरणारे सगळे इथले. साहेब ट्रॉलीवर, छत्रीखाली. ट्रॉली ढकलणारे अरुंद रुळाच्या माथ्यावरून पळणारे. त्या पळण्याला सर्कशीत टाळ्या मिळाल्या असत्या.

कीमन म्हणजे चावीवाला. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. हा रोज आपला तुकडा पायी चालतो. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा, जवळ लाल आणि हिरवी निशाणं, आणि रुळावर ठेवायचे फटाके. पुढं धोका दिसला तर जिथं धोका तिथून सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर, दहादहा मीटर अंतर ठेवून, तीन फटाके लावायचे, असा नियम. इंजिन त्यावरून गेलं की धडाका होतो आणि चालक गाडी थांबवतो. बाराशे मीटर, तेही खडीवरून, समोर गाडी येत असताना धावायचं. नियमाच्या पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं असतं.

आमच्या चाळीत एक निवृत्त मुकादम राहत. आम्ही मुलं त्यांना आबा म्हणत असू. घाटात उमेदीची सगळी वर्षं काढलेली. मी बारातेरा वर्षांचा असताना त्यांनी एकदा अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर मला धडा दिला. दोरीच्या टोकाशी गाल लावून एक डोळा मिटायला सांगितला. ‘‘आता बघ, कुठं पोट आलंय?’’ समोरून बघताना सरळ वाटणारी दोरी त्या डोळ्याला नागमोडी दिसायला लागली. ‘‘असाच रूळ बघायचा. उभं राहून बघितला तर सगळं जग सरळच दिसतं.’’

गँगचं मुख्य काम हेच. आधी स्लीपरांमधली खडी मोकळी करायची. मग मुकादम चार रुळांच्या लांबीइतका, म्हणजे पन्नासेक मीटर, दूर जाऊन ओणवा होतो आणि रुळाच्या कडेवरून नजर टाकतो. तो हातानं खूण करतो त्या जागी गँगमन पहारी खडीत खोल रोवतात आणि सगळे एकदम ओढतात. एकदम, हे महत्त्वाचं. एकट्यानं काही होत नाही, आणि मागं-पुढं झालं तर रूळ नको तिथं वाकतो. म्हणून एक जण ओरडून एक ओळ म्हणतो आणि शेवटच्या आवाजावर सगळ्यांचा जोर. आम्ही कवी यतीच्या जागेवरून वर्षानुवर्षं वाद घालतो. तिथं यती कुठं घ्यायची ते पहार ठरवते. त्या ओळी मराठी असत, हिंदी असत, तेलुगू असत. बऱ्याचशा रविवारच्या पुरवणीत छापता येण्यासारख्या नसत. पण वृत्तात त्यांची चूक होत नसे.

रूळ ओळीत आला की दोन रुळांमधलं अंतर मोजायचं. आपल्या मोठ्या मार्गांवर ते पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर असतं. मग स्लीपरखाली खडी ठोकून भरायची. एका स्लीपरला चार माणसं, पाठमोरी, ठेका धरून. हे सगळं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

वळणाचं गणित मला फार मोहात पाडतं. सरळ रूळ नजरेनं जमतो, वळण जमत नाही, कारण ते वाकडंच असायला हवं. प्रश्न आहे किती. त्यासाठी साधन काय, तर वीस मीटरची दोरी. बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला दोरीची दोन्ही टोकं टेकवायची आणि मधोमध दोरी व रूळ यांच्यात किती अंतर राहतं ते पट्टीनं मोजायचं. चारशे मीटर त्रिज्येच्या वळणावर ते बरोबर १२५ मिलिमीटर भरायला हवं. दर दहा मीटरला असं मोजत जायचं. आकडे सारखे आले तर वळण सुरेख. कुठं १४०, कुठं ११० आले, तर तिथं गाडी झटके खाणार. मग दुरुस्ती. आणि इथं खरी मेख आहे : एका जागी रूळ दहा मिलिमीटर बाहेर ओढला की तिथला आकडा दहानं वाढतो, पण शेजारच्या दोन्ही जागांचे आकडे पाचपाचानं कमी होतात. एकाला हात लावला की शेजारी हलतो. म्हणून सगळं वळण आधी कागदावर दुरुस्त करायचं, मगच पहारीला हात घालायचा. कवितेतला एक शब्द बदलून ज्यानं पुढची-मागची ओळ बिघडवून घेतली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या पिढीला आठवणारा तो खटक-खटक आवाज हाही याच गोष्टीचा भाग. तेव्हा रूळ तेरा मीटरचे असत आणि दोन रुळांच्या सांध्यात उन्हाळ्यात वाढायला फट ठेवलेली असे. चाक त्या फटीवर आपटे. सगळ्यात जास्त झीज आणि खड्डे तिथंच. पुढं रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केले गेले. आवाज गेला, प्रवास मऊ झाला. पण लोखंडाचं वाढणं थांबलं नाही. त्याला आता फट नाही इतकंच. तापमान तीस अंशांनी चढलं तर आजच्या जाड रुळात पन्नास टनांहून जास्त जोर कोंडला जातो. खडी कमी पडली असेल, तर मे महिन्याच्या दुपारी तो रूळ सापासारखा बाजूला वळू शकतो. म्हणून भर उन्हात, जेव्हा आपण पंख्याखाली पडून असतो, तेव्हा गस्त असते.

साठच्या दशकापासून यंत्रं आली. आज मोठं पिवळं यंत्र रुळावर उभं राहतं, रूळ उचलतं, सरकवतं, आणि थरथरणारे दात खडीत खुपसून स्लीपरखाली खडी भरतं. मोजणी करणारे डबे गाडीच्या वेगानं धावत मिलिमीटरचा हिशेब देतात. पुण्यात १९५९ साली रेल्वेच्या अभियंत्यांसाठी रूळमार्गाची प्रशिक्षणशाळा निघाली, ती आज देशभरच्या अभियंत्यांना शिकवते. हे चांगलंच झालं. पहारीच्या कामाचे गोडवे ज्यानं पहार धरली नाही त्यानं गाऊ नयेत. गँगमनचा ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. त्यांत आता बायकाही आहेत. नाव दोनदा बदललं, तरी चालणं बदललेलं नाही, कारण दरड कधी सुटेल हे यंत्राला आदल्या दिवशी कळत नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासएक प्रवासी गेले. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ पुन्हा अपघात. त्यानंतर डोंगरउतार कापले गेले, जाळ्या बसल्या आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला गेला. त्याच बोरघाटात, ऑक्टोबर २०१९मध्ये, मंकी हिल ते कर्जत टप्प्यात एका मार्गाखालचा भराव वाहून गेला आणि तो मार्ग काही महिने बंद राहिला. गाड्या रद्द झाल्या म्हणून आपण कुरकुरलो. दरीच्या काठावर, धुक्यात तो भराव पुन्हा उभा करणाऱ्यांचा एकही फोटो माझ्या लक्षात नाही.

आणि एक आकडा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीनं फेब्रुवारी २०१२मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की, आधीच्या जेमतेम पाच वर्षांत रेल्वेचे सुमारे १६०० कर्मचारी काम करताना मृत्युमुखी पडले आणि ८७०० जखमी झाले. प्रवासी नव्हेत, कर्मचारी. त्यांतले कितीतरी रुळावर वाकलेले होते. शेजारच्या मार्गावरून गाडी आली, पावसाच्या आवाजात ऐकू आली नाही. प्रवाशांच्या अपघाताची बातमी पहिल्या पानावर येते. हा आकडा मी आतल्या पानावर वाचला.

पावसाळ्यात गस्तवाले रात्री निघतात. एक या स्थानकाकडून, दुसरा त्या स्थानकाकडून. हातात कंदील किंवा बॅटरी, अंगावर रेनकोट, जवळ तेच फटाके. ठरलेल्या जागी दोघं भेटतात आणि आपापल्या नंबराचे बिल्ले बदलून घेतात. एकानं दुसऱ्याचा बिल्ला परत आणला, म्हणजे तो तिथपर्यंत खरोखर चालला आणि मधला रूळ धड आहे. कधी एखादी विडी पेटवण्याइतका वेळ मिळतो, कधी तोही नाही, कारण पुढची गाडी सुटलेली असते. मग दोघं पाठ फिरवून परत चालू लागतात.