शिळाछापापासून इलेक्ट्रॉनपर्यंत

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतर तीनच वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी याच शहरात चित्रशाळा काढली आणि शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. या विद्येचे मूळ तत्त्व साधे आहे. १७९६ च्या सुमारास म्युनिकच्या सेनेफेल्डरने ते शोधले. दगडावर तेलकट रेघ ओढावी व दगड ओला करावा. ओला भाग शाई झिडकारतो, रेघ तेवढी ती धरते. येथे रेघ मात्र हाताची होती. प्रकाशाचा संबंध नव्हता.

प्रकाशाला कामास जुंपले ते नकाशांच्या निकडीने. इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे खात्यात १८६० च्या सुमारास फोटोझिंकोग्राफी प्रचारात आली. पुढे पुण्यातही सरकारी फोटोझिंको कचेरी झाली आणि मुंबई इलाख्यातील गावांचे नकाशे तेथे छापले जाऊ लागले. कागदावर जिलेटिन व बायक्रोमेट यांचा लेप द्यावयाचा, त्यावर नकाशाची निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवावयाचा. उजेड लागला तेथे लेप टणक होई. उरलेला पाण्याने धुऊन जाई. मग शाईची रेघ जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत. शेतकऱ्याला बायक्रोमेट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु बांधाच्या तंट्यात नकाशावरील रेघ महत्त्वाची साक्ष असे. रेघ फुगणे हा म्हणूनच केवळ कारागिरीचा दोष नव्हता.

आता, लेप टणक का होतो? प्रकाशाने चेतविलेले क्रोमियम भोवतालच्या जिलेटिनकडून इलेक्ट्रॉन हिरावून घेते, आणि असे पालटलेले क्रोमियम जिलेटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना जखडते. म्हणजे प्रकाश हा केवळ चिथावणारा. प्रत्यक्ष उलथापालथ इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची. टॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला तो १८९७ साली. तत्पूर्वी कित्येक वर्षे कारागीर त्याच्याकडून काम करवून घेत होते!

पुढे हाच लेप 'रेझिस्ट' या नावाने सिलिकनच्या चकतीवर चढला. १९६८ च्या सुमारास आयबीएममधील संशोधकांनी प्रकाशाला बाजूस सारून इलेक्ट्रॉनांचा झोतच अ‍ॅक्रिलिक जातीच्या लेपावर सोडला. त्याने साखळ्या तुटल्या व तेवढा भाग द्रावणात विरघळला.

२०१९ च्या सुमारास कारखान्यांत रुळलेल्या अतिनील छपाईत तर हा कारभार फारच स्पष्ट दिसतो. तेथील प्रकाशाची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर, त्याच्या एकेका कणाची ऊर्जा सुमारे ९२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. असा कण लेपातील अणूवर आदळला की एक इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतो, वाटेत आणखी काही उसकावतो आणि दर टक्करीला दुबळा होत जातो. यांपैकी एखादा आम्लजनक रेणूच्या हाती लागला की आम्ल सुटते. लेप तापविला म्हणजे ते एकच आम्ल अनेक रेणूंची संरक्षक टोपी काढते आणि तेवढा भाग अल्कलीत विरघळतो.

अडचणही येथेच आहे. इलेक्ट्रॉन जन्मस्थानी थांबत नाही. काही नॅनोमीटर भटकतो. शिवाय कणाची ऊर्जा मोठी म्हणून त्याच मात्रेत कणांची संख्या थोडी पडते. कोठे चार जास्त, कोठे चार कमी. परिणामी रेघेची कड खडबडीत होते. तारेइतकी मोलाची रेघ अशी मध्येच तुटली किंवा शेजारणीला चिकटली, तर चकतीवरील तो तुकडा वाया जातो.

पुण्याच्या फोटोझिंको कचेरीतील कारागिराला हाच प्रश्न गावाच्या मापाने पडला होता. माप बदलले, उजेडाने दाखविलेली मर्यादा लेपाने पाळावी, ही अपेक्षा बदललेली नाही.