माजी विद्यार्थी: संस्थेकडून बॅचकडे

माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याची रीत महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाच्या मागोमागच आली. सुरुवातीला मात्र त्यात आठवणींना फारशी जागा नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिथेच शिकून तिथेच शिकवू लागलेले दादाभाई नौरोजी तिच्यात पुढे होते. या मंडळींनी 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक चालवले आणि मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. शिकलेल्यांची संख्याच इतकी थोडी होती, की एकत्र शिकलेले लोक आपोआप एका कामाचे सोबती होत. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधल्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत २१ जण उत्तीर्ण झाले. न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही त्यांत होते.

पुण्यात हेच नाते शाळा काढण्याच्या रूपाने दिसले. टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात झाली आणि शिक्षणसंस्था काढण्याचे बेतही तिथेच ठरले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवण्याचे बंधन पत्करले होते. त्यामुळे हुशार माजी विद्यार्थी शिक्षक होऊन परत येणे ही अपवादाची गोष्ट उरली नाही. याच कॉलेजचे विद्यार्थी र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले. सरकारी मोठ्या हुद्द्याची वाट मोकळी असताना ते फर्ग्युसनला परतले आणि प्राचार्य झाले. ऋण फेडण्याचा त्या काळातला सर्वांत मान्य मार्ग हाच होता. देणगीचा क्रम त्याच्या मागून लागे.

माजी विद्यार्थी आपल्या संस्थेसाठी किती दूर जाऊ शकतात, हे डेक्कन कॉलेजनेच दाखवून दिले. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून हे कॉलेज वाढले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या मोठ्या देणगीचा तिच्या उभारणीत वाटा होता. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले. तोवर पुण्यात खासगी कॉलेजे चांगली स्थिरावली होती, आणि कोणत्याही हिशेबनिसाला हा निर्णय शहाणपणाचा वाटला असता. माजी विद्यार्थ्यांना तो मान्य झाला नाही. सभा आणि निवेदनांवर न थांबता त्यांनी न्यायालयात दाद मागितली. त्या लढ्यानंतर १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, मात्र पूर्वीचे पदवी महाविद्यालय म्हणून नव्हे, तर पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया यांचे काम पुढे तिथेच झाले. मराठी मुलखात माजी विद्यार्थ्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम कोणते, या प्रश्नाला या घटनेइतके चोख उत्तर दुसरे नाही.

मुलींच्या शाळांचा इतिहास थोडा वेगळा गेला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथे अगदी सुरुवातीला दाखल झालेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे पती धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला वाढला. तिथे शिकलेल्या पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि निधी जमवण्यासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. ज्यांना सासर-माहेर दोन्हीकडे आधार नव्हता, त्या विधवांसाठी शाळा हेच घर होते. 'माजी' होणे त्यांना परवडणारेही नव्हते. पुण्याच्या हुजूरपागेत १८८४ पासून मुलींचे हायस्कूल आहे. तिथे आई, मुलगी आणि नात एकाच शाळेत शिकल्याची उदाहरणे अनेक घरांत सापडतात.

ग्रामीण भागात अशा घराची जागा वसतिगृहांनी घेतली. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः अशाच एका बोर्डिंगात राहिले होते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. मुले एकत्र राबत, एकत्र जेवत. आपापल्या घरात जे घडणे शक्य नव्हते ते तिथल्या पंगतीत घडले, म्हणून या मुलांच्या आठवणींत वर्गापेक्षा स्वयंपाकघर आणि शेत जास्त येते. याच बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे संस्थेचे धुरीण आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर अनुदानाची पद्धत रुळली तसे चित्र पालटले. शिक्षकांचे पगार सरकारकडून येऊ लागले, पण इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचा भार बराचसा संस्थेवरच राहिला. ही तूट भरून काढायला रौप्य, सुवर्ण, अमृत आणि शताब्दी महोत्सव कामी आले. महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांची समिती बने, देणगीची पावतीपुस्तके फिरत आणि स्मरणिका निघे. तिच्यात निम्मी पाने जाहिरातींची आणि उरलेल्यांत मान्यवरांचे संदेश, तरी खरा ऐवज शेवटच्या काही पानांत सापडे: छडी मारणारे पण घरी बोलावून फुकट गणित शिकवणारे मास्तर, एकाच सायकलवरून येणारे तिघे, गळक्या वर्गातला पावसाळा. शाळांचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने या स्मरणिका रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करायला हव्यात.

महोत्सवाला सगळी शाळा लोटे. 'बॅच'चे वेगळे संमेलन ही त्यानंतरची रीत. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी १९७५ मध्ये एकाच वर्षी बाहेर पडली. त्या पिढीला आपले साल आजही नावाइतके पाठ असते. ही मंडळी चाळिशी-पन्नाशीला आल्यावर, म्हणजे साधारण २००० नंतर, दहावी होऊन पंचवीस वर्षे झाल्याचे मेळावे वाढत गेले. मेळाव्याचा क्रमही ठरून गेला. घंटा, प्रार्थना, हजेरीपटावरून हजेरी, हयात शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, दिवंगतांना श्रद्धांजली, मग पंगत.

पत्ते शोधणे हे खरे कष्टाचे काम. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मूळ गाव आणि वडिलांचे नाव सापडे, तेवढ्यावरून मुलगे हुडकता येत. मुलींचा माग मात्र तिथेच संपे. लग्नानंतर आडनाव बदललेले आणि जुन्या पिढीत पहिले नावही बदललेले, म्हणून माहेरच्या शेजाऱ्यांकडे विचारल्याखेरीज गत्यंतर नसे. आज निमंत्रणपत्रिकेवर बायकांची माहेरची नावे कंसात छापतात, त्यामागे हीच अडचण आहे. पहिल्या मेळाव्यांना मुलींची हजेरी कमी दिसे, त्याचे कारण त्यांची अनास्था हे नव्हते. घरातून दिवसभराची सवड न मिळणे हेही एक कारण होते.

ऑर्कुट आले २००४ मध्ये, आणि पाठोपाठ फेसबुक व व्हॉट्सअॅप. त्यांनी शोधाशोध पार सोपी केली. पुणे, मुंबई, दुबई, न्यू जर्सी इथे विखुरलेला वर्ग एका फोनमध्ये आला. मेळावा पंचवीस वर्षांतून एकदा व्हायचा, तो दरवर्षी होऊ लागला. त्याचबरोबर शाळेच्या इमारतीऐवजी रिसॉर्टवर भेटण्याची प्रथाही पडली, आणि अशा भेटीत शाळेच्या गरजा कोणाच्या कानावर जात नाहीत. आजारी वर्गमित्राच्या उपचारासाठी किंवा एखाद्याच्या मुलांच्या फीसाठी रातोरात पैसे उभे करण्यात मात्र बॅच संस्थेपेक्षा तत्पर ठरली आहे.

महाविद्यालयांत वेगळेच कारण घडले. महाविद्यालयांचा दर्जा तपासण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण आहेत. त्यामुळे अनेक माजी विद्यार्थी संघांची रीतसर नोंदणी झाली. त्यांतले काही चांगले काम करतात, काही समितीच्या भेटीपुरते जागे होतात. शाळांना असा दट्ट्या नाही. मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळा पटसंख्येअभावी एकामागून एक बंद होत असताना त्या टिकवण्यासाठी काही ठिकाणी माजी विद्यार्थी पुढे आले आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकली, आणि वर्गखोल्यांना देणगी मिळाली तरी पटावरची संख्या तिने वाढत नाही.