आटे जुळले, पण बसले का? चाकाच्या नटामागची दोन शतके

१/
मोटारीच्या चाकासाठी नवे नट घ्यायला गेल्यास जाणता दुकानदार तीन गोष्टी विचारतो: स्टडचा व्यास किती, दोन आट्यांमधले अंतर किती आणि नटाची बैठक कोणत्या आकाराची? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि झुरिच येथे घडली. आजचा थ्रेड त्या इतिहासावर आणि त्यातून उरलेल्या एका धोक्यावर.

२/
इ. स. १८०० पूर्वी प्रत्येक बोल्टचा नट स्वतंत्र असे. कारागीर आटे बहुधा हाताने व नजरेच्या अंदाजाने पाडत. त्यामुळे यंत्र उघडल्यावर कोणता नट कोणत्या बोल्टचा, हे जपून ठेवावे लागे. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले यांनी लंडनमध्ये आटे पाडणारा अचूक लेथ विकसित केला आणि एकच आटा पुनःपुन्हा तसाच पाडणे शक्य झाले. तथापि प्रत्येक कारखान्याचे माप निराळेच राहिले.

३/
मॉडस्ले यांच्याकडे काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढे मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्यांनी इंग्लंडमधील अनेक कारखान्यांचे बोल्ट जमवले, मापे घेतली आणि त्यांचा सरासरी मध्य काढला. १८४१ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर आणि प्रत्येक व्यासाला दर इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या. रेल्वे कंपन्यांनी ती उचलून धरली.

४/
ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांबरोबर हे इंचाचे माप भारतातही आले. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये आजही इंचाचे आठ ‘सूत’ करतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे चार सूत. घरात जुना व्हिटवर्थ पान्हा असेल तर त्यावरचा आकडा नीट पाहा. तो पान्ह्याच्या तोंडाचे माप सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो!

५/
१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी निराळी पद्धत सुचवली. कोन ६० अंश, माथा व तळ सपाट. गोलसर माथा अचूक घडवण्यास कुशल हात लागतात, सपाट माथा सामान्य कामगारही घडवू शकतो, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. १८६८ मध्ये अमेरिकी नौदलाने ही पद्धत स्वीकारली.

६/
येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पाव इंच, तीन अष्टमांश, पाऊण इंच अशा कित्येक मापांत दोन्ही पद्धतींची दर इंची आट्यांची संख्या सारखीच आहे. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आटे, तर सेलर्सचे १३. म्हणजे दोन प्रमाणे एकमेकांपासून दूर नव्हती, जवळजवळ सारखी होती. पुढचा सारा घोटाळा या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

७/
तिसरी शाखा मेट्रिक. १८९८ मध्ये झुरिच येथील परिषदेत मिलिमीटरवर आधारलेले आटे ठरले. कोन मात्र सेलर्सचाच, ६० अंश.

८/
न जुळणाऱ्या आट्यांची किंमत ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोरला कळली. शहर पेटले, वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून अग्निशामक दले आली. पण त्यांपैकी अनेकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात. सुमारे ३० तास चाललेल्या आगीत १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. मदत वेळेवर पोहोचली होती. आटे जुळले नाहीत.

९/
दुसऱ्या महायुद्धात तोच प्रश्न दोन मित्रराष्ट्रांत उभा राहिला. रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आटे पाडण्याची खास हत्यारे तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित प्रमाण मान्य केले. कोन ६० अंशांचा ठरला. व्हिटवर्थचे ५५ अंश मागे पडले. त्याच सुमारास जन्मलेल्या ‘आयएसओ’ची पहिली तांत्रिक समिती कशासाठी होती? स्क्रूच्या आट्यांसाठीच.

१०/
आता चाकाकडे येऊ. मोटारींसाठी अमेरिकी उद्योगाने बारीक आटे निवडले: अर्ध्या इंचाला दर इंची २०. जपानी गाड्या मेट्रिक. टोयोटा व होंडाच्या बहुतेक मोटारींत १२ मिमी व्यास आणि १.५ मिमी अंतर. सुझुकी व निसानच्या बहुतेक मोटारींत व्यास तोच, पण अंतर १.२५ मिमी.

११/
१.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. तो हाताशी आलेला इशारा असतो. तरीही मशिनने दामटल्यास आटे जातात. खरा धोका मात्र वेगळ्या जोडीचा. अर्ध्या इंचाच्या, २० आट्यांच्या नटातील अंतर १.२७ मिमी, सुझुकीच्या स्टडवर १.२५. फरक अवघा ०.०२ मिमी. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. हा नट १२ मिमीच्या स्टडवर अलगद चढतो, कुठेही अडत नाही. आत मात्र आटे निम्म्या खोलीपर्यंतही एकमेकांत गुंतलेले नसतात. चाकाचा भार त्या कडांवर येतो. म्हणून ‘हाताने सहज फिरला’ एवढ्यावर समाधान मानू नये. नट स्टडवर आडवा हलवून पाहावा. डुगडुगला तर तो आपला नव्हे.

१२/
तिसरा प्रश्न बैठकीचा. नट चाकाला टेकतो तो भाग शंकूसारखा, गोलाकार किंवा वॉशरसह सपाट असतो. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक लागते. बाजारातील बहुतेक बदली अलॉय चाकांना ६० अंशांचा शंकू. चुकीची बैठक अरुंद कडेवर टेकते, पकड अपुरी राहते आणि नट हळूहळू सैल होतो. म्हणजे चाक बदलले की आटे तेच राहूनही नट बदलावा लागू शकतो.

१३/
चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत म्हणून क्रायस्लरच्या मोटारींत १९७० च्या सुमारापर्यंत डाव्या चाकांना उलटे आटे असत. अनेक जुन्या ट्रकांतही तीच रीत. ठाऊक नसलेला माणूस नट ‘सोडवताना’ घट्ट करत जाई आणि अखेर स्टडच तुटे.

१४/
प्रमाणीकरणाचा इतिहास बहुधा एकीकरणाचा विजय म्हणून सांगितला जातो. चाकाचा नट निराळी साक्ष देतो: जुनी प्रमाणे नाहीशी होत नाहीत, ती शेजारी शेजारी नांदतात. जी मापे उघड भिन्न असतात ती आपणच एकमेकांना नाकारतात. सावध राहायचे ते जवळजवळ जुळणाऱ्यांपासून. म्हणून नट घेताना नुसते ‘चार सूत’ किंवा ‘बारा नंबर’ म्हणू नका. व्यास, अंतर आणि बैठक, तिन्ही सांगा.

थ्रेड समाप्त. घरच्या जुन्या हत्यारपेटीत व्हिटवर्थ पान्हा सापडल्यास त्यावरचे आकडे खाली अवश्य लिहा.