थर्मामीटर कोणाच्या हातातून गेला?

वैद्यकाचा इतिहास म्हटले की चरक, सुश्रुत, मग इंग्रजांची इस्पितळे आणि शेवटी नामवंत डॉक्टरांची चरित्रे एवढेच आपल्यासमोर ठेवले जाते. आपल्या पोरांनाही वाटते, हा विषय मेडिकल कॉलेजवाल्यांचा. माझे म्हणणे उलट आहे. औषध कधी निघाले याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचले आणि कोणाच्या वस्तीबाहेर थांबले. तो प्रश्न आपण नाही विचारला तर कोणी विचारणार नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवलेला प्रसंग पाहा. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. ओल्या बाळंतिणीला तिथे न्यावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही तसाच आला. न्यूमोनिया आहे म्हणून सांगितले, पण पुन्हा पाहायला आला नाही. बाई गेली. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. डॉक्टरला रोग ओळखता आला होता, हे विसरू नका. ज्ञान कमी पडले नव्हते.

मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झालेल्या बोले ठरावात पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांच्यासोबत सरकारी दवाखानेही होते. महाडचे पाणी आपल्याला पाठ आहे. दवाखाना मात्र आपण विसरलो.

आता आपल्या वर्ध्याकडे या. वर्ध्याची ओळख कुष्ठसेवेसाठी आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामात गांधींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. ही सेवा खोटी होती असे मी म्हणत नाही. पण गोष्ट सेवकापाशीच संपते, रोग्याच्या हक्काचे काय ते सांगत नाही. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा वाचा. भीक मागणाऱ्या किंवा पोटापाण्याचे साधन नसलेल्या रोग्याला पोलिसांनी पकडून आश्रमात डांबावे, अशी त्यात तरतूद होती. जंतू तोच, पण घरदार असलेला रोगी घरी राहू शकत होता. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. कायदा मात्र रद्द झाला २०१६ साली! औषध येऊनही माणूस मोकळा होत नाही, हे इतिहास वाचल्याशिवाय कळत नाही.

याच वर्ध्यात १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निधीची स्थापना झाली. त्यांनी सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी पद्धत बसवली. म्हणजे रोग्याला डांबायचे सोडून कार्यकर्ता घरोघरी जाऊ लागला. काठेवाडातल्या त्या डॉक्टरच्या नेमके उलट. मला वर्ध्याचा खरा वारसा हा वाटतो.

भगवान बुद्धांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुतले, असे विनयपिटकात आहे. तिथे हे काम हलके नव्हते. गावगाड्यात मात्र नाळ कापायला, वार पुरायला अनेक ठिकाणी आपल्याच बाया लागत. बाळ जन्मले की त्याच विटाळाच्या. त्या सुईणींचे नाव कोणत्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे?

म्हणून एक विनंती. देवळी, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, जिथे असाल तिथे, रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्या आजीजवळ बसा. विचारा, आजी, तुम्ही किती बाळंतपणे केली? दवाखान्यात तुम्हाला कुठे बसवत? लिहून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.

जय भीम!