अपस्मार : देवऋषीपासून मायक्रोआरएनएपर्यंत

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरी हें गांव आहे. तेथें १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि भजनाच्या द्वारें वऱ्हाडांतील खेडुतांस स्वच्छता, शिक्षण व आरोग्य यांचे धडे दिले. भूतबाधा, मंत्रतंत्र व देवऋषी यांवरील आंधळा विश्वास नाहींसा करणें हें त्यांच्या कार्याचें एक प्रमुख अंग होतें. या विश्वासाला ज्या रोगांनीं पिढ्यान् पिढ्या खतपाणी घातलें, त्यांत अपस्मार अग्रगण्य होय. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव फेफरें किंवा मिरगी. धडधाकट माणूस चालतां चालतां कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडास फेस येतो आणि कांहीं वेळानें भानावर येतो. पाहणाऱ्यास हें बाहेरच्या शक्तीचें कृत्य वाटावें, यांत नवल नाहीं.

तथापि जाणत्या वैद्यांनीं या रोगाचें मूळ फार पूर्वींच शरीरांत शोधलें होतें. चरकसंहितेनें त्याचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार भेद सांगितले. ग्रीस देशांत हिपोक्रॅटिसच्या परंपरेंतील एका ग्रंथानें ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास रोगाचें स्थान मेंदू हें ठरविलें. पुढें लंडनमध्यें १८५७ सालीं लोकॉक यांनीं ब्रोमाइडचा गुण सांगितला. १९१२ सालीं जर्मनींत हाउप्टमान यांनीं फेनोबार्बिटलचा उपयोग दाखविला. १९३८ सालीं अमेरिकेंत मेरिट व पुटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. म्हणजे गुरुकुंजाची स्थापना झाली तेव्हां एक गुणकारी औषध २३ वर्षांचें जुनें झालें होतें. खेड्यांतील रोगी मात्र बहुधा देवऋषीकडेच नेला जात होता.

योग्य औषधें नियमानें घेतल्यास सुमारें ७० टक्के रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात. उरलेल्यांसाठीं जो शोध चालू आहे, त्यांतील एक वाट मायक्रोआरएनएची. पेशींतील जनुक हें मूळ दप्तर मानलें, तर त्यावरून उतरलेली नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होतें. मायक्रोआरएनए हा सुमारें २२ घटकांचा इवलासा धागा त्या नकलेस चिकटतो आणि प्रथिनाची निर्मिति आवरतो. अँब्रोस व रुव्हकुन यांनीं १९९३ सालीं मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमींत त्याचा पत्ता लावला. त्याबद्दल त्यांस २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. डब्लिन येथील हेनशॉल यांच्या पथकानें २०१२ सालीं दाखविलें कीं, दीर्घ झटक्यानंतर उंदरांच्या मेंदूंत मायक्रोआरएनए-१३४ वाढतो, आणि तो निष्प्रभ केल्यास पुढील झटके पुष्कळ कमी होतात. हा प्रयोग उंदरांवरचा होता. घरोघरीं देण्याजोगें औषध त्यांतून अद्याप निघालेलें नाहीं.

शास्त्र इतकें खोल उतरलें, पण समाज मागें रेंगाळला. १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या पंक्तीस बसविला गेला व विवाहास बाधक ठरला. तो शब्द १९९९ सालीं वगळण्यांत आला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं रोग्यास बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें हे प्रकार महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरले. आणि अपस्मार हा असाध्य रोग नव्हे, मनोविकारहि नव्हे, म्हणून तो घटस्फोटाचें कारण होत नाहीं, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२३ सालीं दिला.

न्यायालयानें सांगितलेली ही गोष्ट घराघरांत मानली गेली पाहिजे. झटका आलेल्या माणसास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा वा जोडा हुंगवूं नये. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास रुग्णालयांत न्यावें. मुलीचें फेफरें झांकून लग्न उरकण्यापेक्षां तिला वेळेवर औषध देणें हेंच आईबापांचें खरें कर्तव्य होय.