ग्रेटलची तीन घरं



मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका श्रोत्या बाईंनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "सर, नवीन फ्लॅट घेतलाय. इंटिरिअरवाला म्हणतो सध्या हे चालतं, आणि आमचे हे म्हणतात आपल्याला आवडेल तसं करू. तर 'आपल्याला आवडेल तसं' म्हणजे नक्की कसं?" त्यांनी हसत विचारलं, पण प्रश्न साधा नाही. 'आपल्याला' या शब्दात कोण कोण येतं, इथेच खरी अडचण आहे. व्याख्या करत बसण्यापेक्षा आज एका बाईची हकीकत सांगतो. तिच्या तीन घरांची म्हणा.

तिचं नाव मार्गारेटे, घरात सगळे ग्रेटल म्हणत. जन्म 1882, व्हिएन्ना. वडील कार्ल विटगेनस्टाइन, ऑस्ट्रियाच्या पोलाद उद्योगातले बडे प्रस्थ. आठ भावंडांतला सर्वांत धाकटा लुडविग, 1889 चा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा लुडविग ठाऊक असतोच; आमची निम्मी हयात त्याची छोटी छोटी वाक्यं उलगडण्यात गेली. पण आज तो दुय्यम पात्र आहे.

त्या काळच्या व्हिएन्नात श्रीमंतांची घरं कशी सजवत, ते आधी पाहू. हान्स माकार्ट नावाचा चित्रकार होता, 1884 मध्ये वारला. त्याचा स्टुडिओ म्हणजे जड मखमली पडदे, गालिचे, कोरीव लाकूड, आणि वाळवलेल्या गवताचे, ताडाच्या झावळ्यांचे भले मोठे गुच्छ. लोक तो बघायला जात आणि घरी येऊन तसंच करत. त्या गुच्छाला माकार्टचंच नाव पडलं होतं. एका माणसाची हौस शहरभराची रीत झाली ती अशी.

आता ग्रेटलचं पहिलं घर. ते घर नव्हे, वडिलांच्या वाड्यातली तिची खोली. थोरली बहीण हेर्मीने हिने उतारवयात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, कुटुंबासाठी आठवणी लिहून ठेवल्या. त्यात या खोलीचं वर्णन येतं. अशा घरातल्या मुलीच्या खोलीत जे जे असायला हवं, ते तिथे नव्हतं. कुठून कुठून आणलेल्या चमत्कारिक वस्तू होत्या. आणि एका भरतकामावर हृदय होतं. तुम्ही म्हणाल, मुलींच्या खोलीत बदाम असतोच. हे ते नव्हे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात असतं तसं, शिरा-धमन्यांसकट! आम्हाला या कुटुंबाच्या साऱ्या इतिहासात ते भरतकाम फार आवडतं. ते कुठल्याच दुकानात मिळालं नसतं, आणि ते बघून कुणी आपल्या घरी तसं केलं असेल असं वाटत नाही.

दुसरं घर बर्लिनचं. 1905 मध्ये ग्रेटलचं जेरोम स्टोनबरो या अमेरिकन गृहस्थाशी लग्न झालं आणि दोघं बर्लिनला गेली. मधल्या काळात व्हिएन्नात वारं फिरलं होतं. 1897 मध्ये गुस्ताफ क्लिम्ट आणि मंडळींनी जुन्या कलासंस्थेतून बाहेर पडून 'सेसेशन' काढलं. त्यांच्या इमारतीला मोठी देणगी दिली ती ग्रेटलच्या वडिलांनीच. 1903 मध्ये योझेफ होफमान आणि कोलोमन मोझर यांनी 'वीनर वेर्कश्टेटे' नावाचा कारखाना सुरू केला. माकार्टचा सगळा पसारा बाहेर, सरळ रेषा आणि चौकटी आत. खुर्ची, दिवा, चमचा, सगळं एकाच हाताचं. बर्लिनचं बिऱ्हाड याच दोघांनी सजवलं. लग्नाची भेट म्हणून आईवडिलांनी क्लिम्टकडून ग्रेटलचं व्यक्तिचित्र काढून घेतलं. ते आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे. ग्रेटलला स्वतःला मात्र ते पसंत पडलं नव्हतं!

म्हणजे बघा, रीत मोडणारी ही मंडळी आठ-दहा वर्षांत स्वतःच रीत झाली. आडोल्फ लोस या वास्तुकाराला ते आधीच दिसलं होतं. 1900 मध्येच त्याने वर्तमानपत्रात एक गोष्ट लिहिली, एका गरीब बिचाऱ्या श्रीमंत माणसाची. या माणसाला घरात कला हवी असते. वास्तुकार येतो आणि राखदाणीपर्यंत सगळं घडवून देतो. कुठली वस्तू कुठे, तेही ठरलेलं. मालक मन लावून पाठ करतो. मग त्याचा वाढदिवस येतो, बायको-मुलं भेटी देतात. त्या कुठे ठेवायच्या हे विचारायला वास्तुकाराला बोलावतात, तर तो दारातूनच ओरडतो, ह्या कसल्या सपाता घातल्यात? मालक म्हणतो, अहो तुम्हीच काढून दिलेल्या आहेत. वास्तुकार म्हणतो, पण त्या झोपायच्या खोलीतल्या! आणि भेटी घ्यायची परवानगी कुणी दिली? तुमचं आता सगळं पूर्ण झालंय. तेव्हा त्या माणसाच्या ध्यानात येतं, की यापुढे आपल्याला काही हवंसं वाटायचीही सोय उरली नाही.

ही गोष्ट आम्ही वर्गात बरीच वर्षं सांगत असू. मुलं हसत, आम्हीही हसायचो. आणि संध्याकाळी ज्या घरी परत जायचो, तिथे त्या वास्तुकाराची जागा आम्ही पटकावलेली होती, हे लक्षात यायला निवृत्ती उजाडावी लागली. 1980 च्या आसपास सगळ्यांकडे शोकेस आली, सनमायका आला. आम्ही म्हणालो, आमच्याकडे हे चालणार नाही. कोऱ्या भिंती, एक कॉट, पुस्तकं. लोक म्हणत, सरांचं घर कसं त्यांच्यासारखं आहे. ऐकून बरं वाटायचं. आमच्या सौभाग्यवतींनी माहेरून मोत्यांचं तोरण आणलं होतं, त्यांच्या आईच्या हातचं. ते आम्ही 'प्रदर्शन' म्हणून लावू दिलं नाही. छत्तीस वर्षं ते ट्रंकेत होतं. त्या आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा आकडा चुकायची शक्यता नाही. (हशा) नाही, हसा, पण आम्ही हे गमतीने सांगत नाही. रीत झुगारल्याचं श्रेय आम्ही घेतलं, आणि त्या श्रेयाची किंमत त्यांनी मोजली.

तर तिसरं घर. व्हिएन्नातलं, कुंडमानगासे नावाच्या रस्त्यावर, 19 नंबर. ग्रेटलने हे काम पाउल एंगेलमान या लोसच्याच शिष्याला दिलं होतं. तो लुडविगचा मित्र. लुडविगची अवस्था तेव्हा वाईट होती. सगळी वारसाहक्काची संपत्ती त्याने कधीच भावंडांना देऊन टाकली होती. खेड्यातली मास्तरकी 1926 मध्ये सुटली, ती एका विद्यार्थ्याला मारल्याच्या प्रकरणात. त्याच वर्षी आई गेली. एंगेलमानने त्याला कामात ओढलं आणि बघता बघता काम त्याचंच झालं. दोन वर्षं तो त्या घरात बुडाला. दारांच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, कोपऱ्यातले रेडिएटर, सगळ्याची मापं त्याची. कापडी पडदे नाहीत. त्याऐवजी लोखंडी पत्र्याचे पडदे, जमिनीखालून वर येणारे, एकेक सुमारे 150 किलोचा, आणि वजनं तोलून असे बसवलेले की बोटाने सरकावेत. दिवे म्हणजे नुसते बल्ब. एका कारागिराने विचारलं, साहेब, एका मिलीमीटरने एवढं काय होतंय? त्याचं वाक्य संपायच्या आत लुडविग गरजला, होतं! घर पुरं होऊन साफसफाई सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा त्याने एका मोठ्या खोलीचं छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावलं. ग्रेटलने तेही करू दिलं.

हेर्मीने लिहिते, की घराचं कौतुक वाटलं तरी त्यात राहणं आपल्याला जमलं नसतं. ते देवांसाठी बांधल्यासारखं होतं. पण लगेच हेही सांगते की ग्रेटलला ते हातमोज्यासारखं बसलं. आम्हाला हे बराच काळ कोडं होतं. लोसच्या गोष्टीतला वास्तुकार आणि हा भाऊ, फरक काय? हट्ट तर याचाच जास्त.

फरक आम्हाला सापडला तो नंतर काय झालं यात. 1928 च्या अखेरीस ग्रेटल तिथे राहायला गेली, आणि तिने त्या कोऱ्या खोल्यांत आपल्या वस्तू मांडल्या. जुनं, नक्षीदार फर्निचर, वर्षानुवर्षं जमवलेल्या चिजा, मोठाल्या कुंड्यांतली झाडं. भिंती भावाच्या, पण खुर्ची कुठे ठेवायची ते तिने ठरवलं. आणि भाऊ 1929 च्या जानेवारीत केंब्रिजला निघून गेला. तिथल्या त्याच्या खोल्यांत पुढे आरामखुर्च्या, एक पत्त्यांचं टेबल आणि हस्तलिखितांसाठी तिजोरी, एवढंच असे. स्वतःपुरता तो तसाच राहिला.

त्याने स्वतः या घराबद्दल 1940 मध्ये एक टिपण केलं आहे. मतितार्थ असा, की या घरात कान तयार आहे, रीतभात आहे, पण उसळून वर येणारं रानवट जीवन नाही. आपल्याच कामाविषयी इतकं कठोर फार थोडे लिहितात. आम्हाला मात्र वाटतं, त्याने फक्त भिंतींबद्दल लिहिलं. ग्रेटलच्या कुंड्या त्याने हिशेबात धरल्या नाहीत.

ग्रेटल 1958 मध्ये वारली. मुलाने घर विकलं, ते पाडायची तयारी झाली होती. काही लोकांनी जोर लावला आणि 1971 मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. 1975 मध्ये ते बल्गेरियाने घेतलं, आता तिथे त्यांची सांस्कृतिक संस्था आहे. आत काही भिंतीही काढल्या गेल्या. कुणी व्हिएन्नाला गेलात तर जरूर बघा. दाराची मूठ हातात धरून बघा. फर्निचर मात्र ग्रेटलबरोबर गेलं, त्यामुळे बघायला मिळतो तो अर्धाच भाग.

तोरण गेल्या पाडव्यापासून आमच्या दारावर आहे. त्यातले थोडे मोती ट्रंकेत गळून गेले होते, ते तसेच ठेवायचे असं सौभाग्यवतींनी ठरवलं. आम्ही सारखे मोती शोधून आणतो म्हणालो होतो. नको म्हणाल्या.

आता प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी हात वर केलाय.