आत्मप्रसिद्धी आणि स्पॅम (विकिपीडियावरील)

विकिपीडिया या लोकलिखित ज्ञानकोशात स्वतःचा, आपल्या संस्थेचा किंवा धंद्याचा गवगवा करणारा मजकूर घालणे ही आत्मप्रसिद्धी, तर वाचक आपल्या संकेतस्थळाकडे वळावा म्हणून लेखालेखांत दुवे पेरणे हा स्पॅम. दोन्हींना विकिपीडियाच्या धोरणांत मनाई आहे आणि दोन्हींवरून संपादकांत सतत वाद होतात.

पार्श्वभूमी : मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असते आणि नोंद संपादकांच्या नजरेखालून गेल्यावरच प्रसिद्ध होते. विकिपीडियावर मात्र टोपणनावानेही लिहिता येते, मजकूर बहुधा लगेच दिसू लागतो आणि तपासणी मागाहून होते. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी, तर मराठी १ मे २००३ रोजी सुरू झाला. शोधयंत्रांत विकिपीडियाची पाने वर येऊ लागली, तसा तिथे नाव झळकवण्याचा मोहही वाढला.

कसोट्या : उल्लेखनीयता, पडताळणीयोग्यता आणि तटस्थ दृष्टिकोन या तीन कसोट्यांवर मजकूर पारखला जातो. छत्तीसगडमधील भिलाई शहरावरील लेख समजा. पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेला करार किंवा ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन या गोष्टींची खातरजमा स्वतंत्र साधनांतून करता येते. त्याच लेखात कुणी ‘शहरातील सर्वोत्तम कोचिंग क्लास’ असे लिहून खाली क्लासचा दुवा दिला, तर त्याला आधार उरतो तो क्लासच्याच माहितीपत्रकाचा. असे वाक्य काढले जाते. उल्लेखनीयतेचे उदाहरण घ्यायचे, तर भिलाईच्या याच कारखान्यात नोकरी केलेल्या पंडवानी (महाभारतातील कथा गाऊन सांगण्याची लोककला) गायिका तीजनबाई यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या कलेविषयी इतरांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यांच्यावरील लेख त्याच लेखनावर उभा राहतो.

वादाची वाटचाल : जाहिरातवजा बदल दिसताच एखादा सदस्य तो उलटवतो. घालणारा तो पुन्हा घालतो. मग बाजू चर्चा पानावर मांडल्या जातात आणि लेखावर सूचनेचा साचा लागतो. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा बदल उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. हटवादी खात्यांना प्रचालक (खाती रोखण्याचे, पाने वगळण्याचे अधिकार असलेले सदस्य) रोखतात आणि वारंवार पेरलेली संकेतस्थळे काळ्या यादीत जातात. २००७ पासून इंग्रजी विकिपीडियाच्या बाह्य दुव्यांना ‘नोफॉलो’ (हा दुवा क्रम ठरवताना धरू नये, असे शोधयंत्राला सांगणारी) खूण असते. त्यामुळे शोधयंत्रातील क्रम वर नेण्यासाठी दुवे पेरण्यात फारसा लाभ राहिलेला नाही.

गाजलेली प्रकरणे : भारतातील ठळक प्रकरण ‘वायफायवन’ या खात्याचे. २००९ पासून लिहिणारे हे खाते २०१० मध्ये इंग्रजी विकिपीडियाचे प्रचालक झाले. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या लेखातील टीका पुसट करणारी एकतर्फी संपादने त्याने केल्याच्या तक्रारी होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या, सदस्यांतील वाद निकाली काढणाऱ्या लवाद समितीने त्याचे अधिकार काढून घेऊन त्याच्यावर बंदी घातली. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची माहिती शोधणारे विद्यार्थी असेच लेख वाचतात, म्हणून या प्रकरणाचे गांभीर्य मोठे आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखली जाणारी ३८१ खाती रोखण्यात आली आणि त्यांनी तयार केलेले २१० लेख वगळण्यात आले. ही टोळी नाकारले गेलेले मसुदे हेरून संबंधितांकडून लेख छापून आणण्याचे पैसे घेई आणि पुढे लेख ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा रक्कम मागे. फसवले गेलेल्यांत छोटे व्यावसायिक होते.

सरळ मार्ग : जून २०१४ पासून मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपला मालक, ग्राहक आणि संबंध जाहीर करणे विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार बंधनकारक आहे. ज्याचा हितसंबंध आहे त्याने लेखाला हात न लावता चर्चा पानावर संदर्भासह दुरुस्ती सुचवावी. चुकीची जन्मतारीख किंवा बदनामीकारक मजकूर दाखवून देणे ही आत्मप्रसिद्धी ठरत नाही.

महत्त्व : मराठीसारख्या आवृत्तीत नियमित लिहिणारे सदस्य इंग्रजीच्या मानाने फार थोडे असल्याने जाहिरात दीर्घकाळ नजरेतून सुटू शकते. तिथे वाचकाची मदत मोलाची ठरते. संदर्भ नसलेली स्तुती दिसली तर ‘इतिहास’ उघडून ती कुणी घातली ते पाहावे आणि चर्चा पानावर नोंदवावे. त्यासाठी खाते उघडण्याचीही अट नाही.